अनेक पटांचे द्यूत

द्यूताविषयी आपल्या प्राचीन ग्रंथांत इतके लिहून ठेवलेले आहे की, त्यात आज कोणी भर घालू म्हणेल तर वाचकांस ते धाडसच वाटावे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात हरलेला जुगारी स्वतःच्या तोंडाने आपली दैना सांगतो. सासू तिरस्कार करते, पत्नी दूर लोटते, मुलगा कोठे भटकत असेल या चिंतेने आई झुरते. आणि अखेर सविता देव त्यास फासे टाकून शेत कसावयास सांगतो. महाभारताची कथा तर सभापर्वातील पटावरच फिरते. मनूने राजास बजाविले की, द्यूत आपल्या राज्यातून समूळ काढून टाकावे. याज्ञवल्क्याने मात्र ते राजाच्या देखरेखीखाली एके ठिकाणी चालू द्यावे असे म्हटले, कारण तेथे चोर ओळखता येतात. अशा विषयावर नव्याने लेखणी उचलण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन एवढेच की, या सर्व ग्रंथकारांनी एक गोष्ट गृहीत धरली होती. पट एक असतो, आणि त्याच्या दोन्ही बाजूंस बसलेली माणसे परस्परांस पाहत असतात. गेल्या पंचवीस वर्षांत हे गृहीतच नाहीसे झाले. एकच मनुष्य एकाच घटकेस आठ, सोळा, चोवीस पटांवर बसून द्यूत खेळू लागला; आणि असे खेळणारे कोठे परदेशातच नव्हे, तर आपल्या देवळांत नित्य नमस्कारास येणाऱ्या घरांतही निपजले. या कृत्यास काय म्हणावे?

प्रथम हा प्रकार कसा चालतो ते सांगितले पाहिजे, कारण आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस त्याची कल्पना नसेल, आणि नसावी हेच बरे. पोकर हा आपल्याकडील तीन पत्तीचा विलायती भाऊबंद होय. पाने वाटली जातात, पण लावला जातो, वाढविला जातो. पाने हलकी वाटली तर ती टाकून डावातून बाहेर पडता येते. हाताने पाने पिसून खेळावयाचे तर तासाभरात पंचवीस-तीस डाव होतात. १९९८ साली हा खेळ पैसे लावून संगणकाच्या जाळ्यावर सुरू झाला. तेथे पाने पिसण्यास व वाटण्यास वेळ लागत नसल्याने एका टेबलावर तासास साठ ते ऐंशी डाव होऊ लागले. तरीही चांगल्या खेळाडूचा बहुतेक वेळ रिकामाच जातो, कारण तो दहांतील सात-आठ डावांत पाने टाकून देतो. मग त्या रिकाम्या वेळात दुसरे टेबल का उघडू नये? आणि तिसरे? पडद्यावर चौकोनामागे चौकोन मांडले जातात. ज्या चौकोनात आपली पाळी येते तो उजळतो. हात तेथे जातो, कळ दाबतो आणि पुढच्या चौकोनाकडे वळतो.

याची परिसीमा कोठवर गेली ते पाहण्यासारखे आहे. २०१२ च्या जानेवारीत रँडी लू या अमेरिकन खेळाडूने बहामा बेटांवर आठ तासांत २३,४९३ डाव खेळून विक्रम नोंदविला. आठ तासांचे सेकंद होतात २८,८००; म्हणजे दर डावास सव्वा सेकंद. विक्रमाची एक अट अशी होती की, अखेरीस खेळाडू नफ्यात असला पाहिजे. त्यास झालेला नफा होता सात डॉलर आणि पासष्ट सेंट. हा आकडा वाचून आम्हांस प्रथम हसू आले. परंतु विचार करता ध्यानात येते की, हास्यास्पद वाटणाऱ्या या आकड्यातच या पद्धतीचे सारे मर्म आहे. दर डावामागे मिळवावयाचे ते जवळजवळ शून्य, डाव मात्र अगणित.

हे मर्म गणिताचे आहे, आणि गणित खरे आहे. याकोब बर्नुली या स्विस गणितज्ञाचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७१३ साली प्रसिद्ध झाला. दैवाधीन गोष्टी फार मोठ्या संख्येने घडल्या की त्यांतील दैव विरून जाते आणि प्रमाण तेवढे उरते, हे त्याने त्यात सिद्ध केले. एका डावात उत्तम खेळाडूही हरेल. लाख डावांत तो सहसा हरणार नाही. म्हणून ज्याच्यापाशी किंचित अधिक कौशल्य आहे त्याने शक्य तितके डाव खेळावेत, आणि आयुष्य मर्यादित असल्याने एकाच वेळी शक्य तितक्या टेबलांवर बसावे. पोकर हा दैवाचा खेळ नसून कौशल्याचा आहे, असा युक्तिवाद जेव्हा जेव्हा न्यायालयांपुढे झाला तेव्हा त्याच्या मुळाशी हेच गणित होते.

आपल्या पूर्वजांस हे ठाऊक नव्हते असे मात्र कोणी समजू नये. वनपर्वातील नलाख्यान आठवावे. पुष्कराशी द्यूत खेळून सर्वस्व गमावलेला नल अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होऊन विदर्भाकडे निघाला असता, वाटेत राजाने एका बेहड्याच्या वृक्षावरील पाने व फळे नुसत्या दृष्टीने मोजून सांगितली. नलाने रथ थांबवून मोजून पाहिले, तो संख्या तंतोतंत जुळली. या विद्येचे नाव अक्षहृदय. फाशांचे हृदय जाणण्याची विद्या ही मोजण्याची विद्या निघावी, आणि वृक्षही निघावा तो बेहड्याचा, ज्याची फळे त्या काळी फाशांसारखी टाकीत. आख्यानकाराची सूक्ष्म दृष्टी येथे दिसते. नलाने आपल्या अश्वविद्येच्या बदल्यात ती विद्या घेतली आणि कलि त्याच्या देहातून बाहेर पडला. पुढे नल निषध देशी परतला, पुष्करास आव्हान देऊन एकच डाव खेळला, गेलेले सारे एका फाशात जिंकले. आणि मग त्याने पुष्करास बंधू म्हणून जवळ घेतले, त्याचा वाटा त्यास परत दिला. विद्या तीच, गणित तेच. नलाने ती एकदा वापरली, आणि ज्याच्यावर वापरली त्याचे मुख त्याच्या समोर होते.

आम्ही राहतो ते बऱ्हाणपूर तापीच्या काठी, निमाड आणि खानदेश यांच्या शिवेवर वसलेले आहे. येथे मराठी घरे पुष्कळ. अशाच एका घरातील एक तरुण, इंदुरास अभियांत्रिकी शिकून आलेला, चार-पाच वर्षे या द्यूतावर उत्तम कमाई करीत होता. त्यास आम्ही लहानपणापासून ओळखतो. व्यसन कसलेही नाही, बोलणे आर्जवी, आईवडिलांविषयी आदर. रात्री नऊ ते एक तो दोन पडदे मांडून सोळा टेबलांवर बसे. पैशाचा हिशेब वहीत ठेवी, कर भरी, थोरल्या बहिणीच्या लग्नाचा अर्धा खर्च त्याने या पैशातून केला होता. आम्ही त्यास उपदेश करावा म्हणून त्याच्या वडिलांनी त्यास आमच्याकडे पाठविले. उपदेश ऐकून घेऊन तो शांतपणे म्हणाला, “काका, तुम्ही म्हणता तो जुगारी हरतो आणि घर बुडवतो. मी हरत नाही. मी लोभाने खेळत नाही, रागाने खेळत नाही, उधार घेऊन तर कधीच खेळत नाही. कोणाला बोलावत नाही, कोणाला फसवत नाही. एका माणसाकडून मी रात्री दहा-वीस रुपये घेतले असतील नसतील. मी कोणाचे काय वाईट केले ते सांगा.”

त्याच्या या प्रश्नाने आम्हांस विचारात पाडले, हे सांगितले पाहिजे. कारण द्यूताविरुद्ध आपण जे नेहमी बोलतो ते सारे हरणाऱ्याविषयी असते. युधिष्ठिर हरला, नल हरला, अक्षसूक्तातील तो अनामिक हरला. जो जिंकतो, संयमाने जिंकतो, वर्षानुवर्षे जिंकतो, त्यास सांगण्यासारखे आपल्यापाशी काय आहे? तो लोभी नाही. स्थितप्रज्ञाची बाह्य लक्षणे तर त्याच्याच ठायी दिसतात. डाव गेला तरी विषाद नाही, आला तरी हर्ष नाही!

त्याने आपले चित्त सोळा ठिकाणी वाटले हा दोष, असे कोणी म्हणतील. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात निश्चयात्मक बुद्धी एक असते आणि अनिश्चितांच्या बुद्धीस अनेक शाखा फुटतात असे सांगितले आहे, तिचा आधारही देतील. परंतु केवळ संख्येस दोष देणे आम्हांस पटत नाही. आमच्या गावात हजारो यंत्रमाग आहेत. एकेक विणकर चार, सहा, क्वचित आठ मागांवर लक्ष ठेवतो. साध्या मागावर आडवा धागा संपला तर माग आपण होऊन थांबतो. उभा धागा तुटला तर तो विणकरालाच दिसावा लागतो, नाहीतर कापडात लांबच लांब दोष उतरतो. त्या खडखडाटात आठ मागांवरील हजारो धाग्यांत तुटलेला एक धागा ज्याच्या नजरेस पडतो, त्याच्या चित्तास विखुरलेले कोण म्हणेल? दवाखान्यातील वैद्य दिवसात साठ रोगी तपासतो. पन्नास मुलांचा वर्ग एक शिक्षक सांभाळतो. आमच्या देवस्थानांतून सामुदायिक मुंजी होतात, तेथे एकाच मांडवाखाली तीस-चाळीस बटु बसतात आणि आचार्य एक असतो.

या शेवटच्या उदाहरणापाशी थोडे थांबले पाहिजे. मांडव एक, मंत्र एक, आचार्य एक; तरी संकल्पाच्या वेळी प्रत्येक बटूचे नाव आणि गोत्र वेगळे उच्चारावे लागते. चाळीस नावे, चाळीस वेळा. घाईच्या आचार्यास ते कंटाळवाणे वाटते, काही ठिकाणी ते गाळलेही जाते (आणि अलीकडे तर मांडीवर मोबाइल ठेवून त्यात अधूनमधून पाहणारे आचार्यही आम्ही पाहिले आहेत, असो). परंतु ज्यांनी ही रीत घालून दिली त्यांनी पुरते जाणले होते की, माणसे संख्येने वाढली की प्रथम नाव हरवते, आणि नाव हरवले की समोर माणूस आहे याचाच विसर पडतो.

आता त्या सोळा टेबलांकडे पाहावे. एकेका टेबलावर सहा आसने धरली तर आपल्याखेरीज पाच, म्हणजे एका वेळी ऐंशी माणसे समोर बसलेली. त्यांची नावे खोटी. कोणी वाघ, कोणी राजा, कोणी नुसता एक आकडा. त्या टोपणनावाखाली पुष्कळदा गणक-आज्ञावलीने काढलेले आकडे झळकत असतात. हा मनुष्य शंभरांतील किती डाव खेळतो, किती वेळा पण वाढवितो, किती वेळा भितो, हे सारे त्यांत असते. जो खेळाडू कच्चा आहे त्यास या धंद्यात ‘फिश’ म्हणतात, म्हणजे मासळी. अनुभवी लोक टेबल निवडतात ते तेथे मासळी किती बसली आहे हे पाहून. आमच्या त्या तरुणानेही हा शब्द आमच्यापुढे अगदी सहज वापरला. त्यात त्यास काही वावगे वाटले नाही. तापीवर जाळे टाकणाऱ्या भोयाला निदान मासा दिसतो.

विणकराचे चित्त आठ मागांत वाटलेले असते ते तुटलेला धागा दिसावा म्हणून. या खेळाडूचे चित्त सोळांत वाटलेले असते, आणि तुटणारा धागा न दिसणे हीच त्याच्या कौशल्याची पहिली अट आहे. तो मनुष्य महिन्याचा पगार घेऊन बसला आहे, हरल्यावर चिडून पुन्हा पैसे भरतो आहे, पहाटेचे दोन वाजले तरी उठत नाही, हे एका टेबलावर बसलेल्यास लक्षात आल्यावाचून राहिले नसते. सोळांवर बसलेल्यास ते कळते केवळ एका आकड्याच्या रूपाने, आणि तो आकडा त्यास सांगतो की, येथे अजून थोडे मिळेल. दर माणसामागे दहा-वीस रुपये, हे त्याचे म्हणणे खरे असेल. परंतु त्या मासळीस टोचणारा तो एकटाच नाही; त्याच्यासारखे कित्येक त्याच रात्री त्याच माणसाकडून दहा-वीस रुपये घेत असतात. बुडणाऱ्याचे घर बुडते ते पुरतेच. बुडविणाऱ्यांच्या वाट्यास मात्र एकेक घोटभर पाणी येते, आणि एवढ्याशा पाण्याने कोणाच्या मनास टोचणी लागावी? आमच्या मते अनेक पटांच्या द्यूतातील खरा अधर्म येथे आहे. मिळकत वाढविण्याची ती युक्ती आहेच. पण अपराध इतका बारीक चिरावयाचा की त्याचा एकही तुकडा आपला वाटू नये, हीही तीच युक्ती आहे.

कौरवसभेतील प्रसंगाची येथे आठवण होते. तेथे शकुनी कपटी होता, दुर्योधन मत्त होता, भीष्मद्रोण मौन धरून बसले होते. सर्व काही अमंगळ. तरी एक गोष्ट घडली. जिला पणास लावले ती द्रौपदी त्या सभेत आली. तिला आणले गेले ते अत्यंत निंद्य रीतीने. पण ती आली, उभी राहिली, आणि स्वतःस आधी हरलेल्या मनुष्यास मला पणास लावण्याचा अधिकार होता काय, हा तिचा प्रश्न त्या सभेस ऐकावा लागला. उत्तर कोणास देता आले नाही. जिंकलेला पक्षही त्यानंतर पूर्वीसारखा जिंकलेला राहिला नाही. भ्यालेल्या धृतराष्ट्राने वर दिले आणि जिंकलेले परत करावे लागले. सोळा टेबलांच्या त्या पडद्यास असे एकही दार नाही की ज्यातून कोणाची पत्नी आत येईल. बऱ्हाणपुरातील एखादा यंत्रमाग कामगार पाळी सुटल्यावर मोबाइल उघडून त्या सोळांपैकी एका टेबलावर बसला नसेल कशावरून? त्याची बायको त्या तरुणाच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहत असेल, आणि दोघे एकाच देवळात आरतीस उभे असतील.

दिसणे आणि न दिसणे यांवर धर्माधर्म किती अवलंबून असतो याचे एक उदाहरण गोमंतकातील वाचकांच्या डोळ्यांसमोरच आहे. पणजीस मांडवीच्या पात्रात जुगाराची जहाजे उभी आहेत. गोवा सरकारने १ फेब्रुवारी २०२० पासून स्थानिक रहिवाशांस तेथे खेळण्याची मनाई केली. ही मनाई चांगलीच. पण तिच्यातील कबुली कोणाच्या ध्यानात आली काय? आपल्या गावचा मनुष्य बुडाला तर त्याची बायकामुले आपल्या दारात येऊन उभी राहतात. परगावचा बुडाला तर तो बसमध्ये बसून निघून जातो. बंदी घातली ती जे दिसते त्यावर.

याचा अर्थ सर्व खेळ त्याज्य, असे आम्ही म्हणत नाही. कार्तिक शुद्ध प्रतिपदेस द्यूतप्रतिपदा हेही नाव आहे आणि त्या दिवशी घरोघर पट मांडण्याची चाल जुनी आहे. वेरुळास रामेश्वर लेण्यात व धुमार लेण्यात शिवपार्वती सारीपाट खेळत बसली आहेत. आजूबाजूस गणांची नंदीशी थट्टा चालली आहे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांची बारा-बारा मिळून एकशेवीस पाने असतात. ती हातात धरणाऱ्यास खेळता खेळता अवतारांचे स्मरण घडे. या सर्वांत खेळाडू एकमेकांच्या ओळखीचे आहेत, पट एक आहे, आणि वेळ संपली की पट गुंडाळून ठेवला जातो. शिव हरला तर पार्वती त्यास हसेल. पण दोघांस राहावयाचे आहे एकाच घरी.

“समोरचा आपल्या इच्छेने बसला, मी त्यास ओढून आणले नाही,” असा दुसरा बचाव केला जातो, आणि व्यापाराचा दाखला दिला जातो. बऱ्हाणपूर हे केळ्यांचे मोठे पेठस्थान. लिलावात व्यापारी शेतकऱ्याकडून शक्य तितक्या कमी भावाने माल घेऊ पाहतो. त्यातही एकाचे कौशल्य दुसऱ्याच्या अज्ञानावर जगतेच. हे नाकारण्यात अर्थ नाही. त्या लिलावात होणारे अन्याय आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. तथापि शेवटी गाडीभर केळी एकाकडून दुसऱ्याकडे जातात, आणि ती दिल्लीस कोणाच्या तरी घरी खाल्ली जातात. द्यूताच्या टेबलावर जितके रुपये बसतात तितकेही उठत नाहीत. कारण प्रत्येक डावातून जागेचा मालक आपला वाटा काढतो. आमच्या भागात त्यास ‘नाल’ म्हणतात. याज्ञवल्क्याच्या काळी सभिक हाच वाटा घेई, मोठ्या पणावर जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच आणि इतरांकडून शेकडा दहा. आमच्या काळी राज्यसत्तेनेही आपला हात पुढे केला, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के कर बसला. ज्या कुंडातून सर्वजण पाणी काढतात आणि ज्यात कोणीच ओतीत नाही, त्यात इच्छेने उतरलेल्यांपैकी बहुतेकांस कोरडेच परतावे लागणार, हे गणित बर्नुलीइतकेच निश्चित आहे. ते त्या तरुणास ठाऊक होते. मासळीस ठाऊक नव्हते. दोघांची इच्छा एकाच जातीची कशी मानावी?

सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली आंध्र प्रदेशातील एका क्लबाच्या प्रकरणी रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ आहे असा निर्णय दिला. तो निकाल पुढे साठ वर्षे या धंद्याचे कवच झाला. पण त्याच निकालात, जागेचा मालक जर अशा खेळातून नफा काढीत असेल तर गुन्हा ठरू शकेल, असेही म्हटले होते; ते वाक्य मात्र फारसे कोणी उद्धृत केले नाही.

खेळणाऱ्याचे स्वतःचे काय होते, याचाही थोडा विचार केला पाहिजे. सव्वा सेकंदात विचार होत नाही. नियम तेवढा चालतो. अमुक पाने, अमुक आसन, समोरच्याचा अमुक आकडा, म्हणून अमुक कळ. टेबले वाढतात तसा खेळाडू विवेकाकडून नियमाकडे आणि नियमाकडून यंत्राकडे सरकतो. २०१९ च्या जुलैत अमेरिकेतील संशोधकांनी अशी एक आज्ञावली प्रसिद्ध केली की, जिने सहा जणांच्या टेबलावर अव्वल व्यावसायिकांस हरविले. ज्या कौशल्याचा अभिमान बाळगावयाचा ते कौशल्य मनुष्यत्वावाचूनही चालते हे त्या दिवशी सिद्ध झाले. उलट, श्रीमद् राजचंद्रांचे चरित्र पाहावे. एकाच वेळी शंभर विषयांवर अवधान ठेवण्याचे प्रयोग त्यांनी १८८७ च्या सुमारास, विशीच्या आतबाहेर असताना, मुंबईत करून दाखविले व विद्वानांस थक्क केले. कीर्ती दाराशी आली असता त्यांनी ते प्रयोग सोडून दिले. आत्म्याच्या मार्गात ती शक्ती आड येते असे त्यांस वाटले. शंभर अवधाने ज्यास साधली होती त्याने ती ठेवून दिली, आणि ज्यास सोळा साधतात तो सतराव्याची वाट पाहतो!

आता कायद्याने हा खेळ थांबविला आहे. ऑनलाइन खेळांविषयीचा केंद्रीय कायदा २० ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत, दुसऱ्या दिवशी राज्यसभेत संमत झाला आणि २२ तारखेस राष्ट्रपतींची संमती मिळाली. खेळ कौशल्याचा की दैवाचा हा जुना भेद त्याने बाजूस सारला. पैसे लावून चालणारे सर्वच ऑनलाइन खेळ त्याने निषिद्ध केले. चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवला, खेळणाऱ्यास शिक्षा ठेवली नाही, कारण खेळणारा हा पीडित समजला गेला. देशातील मोठ्या कंपन्यांनी त्याच आठवड्यात पैशांची टेबले बंद केली. कायद्यास न्यायालयात आव्हानही देण्यात आले. कायद्याच्या दृष्टीने मासळी आणि सोळा टेबलांवरील तो तरुण हे दोघेही एकाच रांगेत, पीडितांच्या, उभे आहेत. कायद्यास यापलीकडे जाता आले नसते, हे आम्ही समजू शकतो. ज्याचे कृत्य दहा-वीस रुपयांच्या तुकड्यांत विखुरले आहे त्यास पकडावे कोठे?

परंतु टेबले बंद झाली म्हणून ती सवय गेली असे दिसत नाही. ज्यांस चौकोनांत पाहण्याचा सराव झाला ते दुसऱ्या चौकोनांकडे वळले. शेअर बाजारातील वायदे आणि ऑप्शन यांचे व्यवहार आता मोबाइलवर होतात, आणि त्या पडद्याचीही चारात, सहात वाटणी करता येते. या व्यवहारांस द्यूत म्हणणे सर्वस्वी न्याय्य होणार नाही. ज्याच्यापाशी खरा माल किंवा खरे समभाग आहेत त्यास भावाच्या चढउतारापासून त्यांनी संरक्षण मिळते, आणि त्यासाठीच ते निघाले. पण सेबी या नियामक संस्थेने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगतो की, मार्च २०२४ अखेरच्या तीन वर्षांत असे व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले, आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. या व्यवहारांत आपल्या देवस्थानांचे विश्वस्त आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, उत्सवाची वर्गणी आठवणीने आणून देणारे सज्जन आहेत. कोणी हरलेले, काही थोडे जिंकलेले. जे जिंकले त्यांस आम्ही विचारून पाहिले की, तुमच्या सौद्याच्या दुसऱ्या टोकास कोण होते. प्रश्नच चमत्कारिक आहे असे त्यांच्या मुद्रेवरून दिसले. पोकरच्या टेबलावर समोरच्याचे निदान टोपणनाव तरी असे; या पडद्यावर तेही नसते.